बासष्ट काटे

काटेसाहेबांना उभ्या आयुष्यात कुणी फसवलं नाही, असं ते स्वतःच सांगत, आणि ते बरंचसं खरंही होतं. बत्तीस वर्षं त्यांनी बाजारातले वजनकाटे तपासले. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोकळ केलेलं वजन, गिऱ्हाइकाकडे पाठ करून ठेवलेला काटा, सगळं पाहून झालं होतं. पकडलेल्या दुकानदारावर ते कधी ओरडत नसत. एकच प्रश्न विचारत, "किती दिवस?" उत्तर ठरलेलं असे. "आजच, साहेब. शपथेवर सांगतो, आजच." साहेब मान हलवत आणि कागदावर लिहीत, 'आजच, असे म्हणतो.' मुलगी लहान असताना तिचा हात साखरेच्या डब्यात सापडला, की घरातही हाच प्रश्न याच आवाजात विचारला जाई आणि मग बापलेक दोघंही हसत सुटत. साहेबांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते आता पेन्शनच्या कागदापुरतं उरलं होतं.

तर असा हा माणूस वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी रोज सकाळी सात वाजता स्वतःच्या वजनाचा खोटा आकडा फोनमध्ये भरू लागला. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं, दुसरं काय.

साहेबांना आजार तीन होते, हृदयाचा, मूत्रपिंडाचा आणि साखरेचा. डॉक्टरही तीन, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. एक म्हणे पाणी मोजून प्या, दुसरा म्हणे अंग कोरडं पडू देऊ नका, तिसरा म्हणे रोज तासभर चाला, आणि चालायचे पाय तर सुजलेले. फायली तीन, गोळ्या अकरा. त्या अकरांतल्या दोन गोळ्या वेगवेगळ्या नावांची एकच गोळी निघाल्या, तेही साहेब न्हाणीघरात चक्कर येऊन पडले तेव्हा कळलं. चार महिने ते एकच औषध दुप्पट घेत होते आणि तीनही डॉक्टर आपापल्या फायलीत सगळं ठीक असल्याचं लिहीत होते.

त्यानंतर दवाखान्यानं नवी व्यवस्था सुरू केली. एकाहून जास्त जुने आजार असलेले बासष्ट रुग्ण निवडले आणि त्या सगळ्यांवर मिळून एक सिस्टर नेमली. प्रत्येकाच्या फोनमध्ये एक ॲप घातलं आणि प्रत्येकाच्या घरी वजनाचा काटा दिला. सकाळी उठून काट्यावर उभं राहायचं, दिसेल तो आकडा ॲपमध्ये लिहायचा. तिन्ही डॉक्टर तेच एक पान बघणार, गोळी बदलायची तर एकमेकांना विचारून बदलणार. वजन तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं, की अंगात पाणी साठतंय असं समजायचं. मग सिस्टरच्या पडद्यावर नावापुढे लाल खूण येई आणि घरच्या माणसाला फोन जाई. व्यवस्था उत्तम होती. साहेबांनी काटा घरी आणला त्याच दिवशी कपाटातली आपली दोन पितळी वजनं काढली. पाच-पाच किलोची ती जोडी निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या सोबत्यांनी दिलेली. काट्याच्या मध्यावर ठेवून बघितली, चारी कोपऱ्यांवर ठेवून बघितली. दर वेळी दहाला दहा. साहेबांनी काट्याला मनातल्या मनात पास केलं.

घरचं माणूस म्हणजे मुलगी. ती बस आगारात गाड्यांची वेळापत्रकं लावायची आणि नुकतीच तिला वरची जागा मिळाली होती, तीही सहा महिने काम बघून मग कायम करू या बोलीवर. पहाटे पाचला ती घर सोडायची. लाल खूण पहिल्यांदा आली तेव्हा ती काम टाकून धावत आली. लघवीची गोळी दोन दिवस वाढवली, पाणी उतरलं. दुसऱ्यांदा आली तेव्हाही ती धावत आली, आणि बाहेरच्या खोलीत उभी राहून वरिष्ठांशी फोनवर बोलताना साहेबांनी तिला ऐकलं. दोन मिनिटांत ती सहा वेळा 'सॉरी सर' म्हणाली. साहेबांनी मोजलं, कारण मोजायची सवय जात नाही.

तिच्यासाठी म्हणून त्यांनी पहिला खोटा आकडा लिहिला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की आदल्या दिवशी त्यांनी खारे शेंगदाणे पाकीटभर खाल्ले होते आणि तीस वर्षांची सिस्टर फोनवर "काका, खारट काय खाल्लंत?" असं विचारायची ते त्यांना मुळीच सोसत नसे. आयुष्यभर दुसऱ्यांची झडती घेतलेल्या माणसाला स्वतःची झडती जड जाते. काट्यावर त्र्याहत्तर आलं, साहेबांनी एकाहत्तर पूर्णांक चार लिहिलं. पडद्यावर हिरवी खूण आली आणि दिवसभर फोन वाजला नाही.

खोटं एकदा बोललं की त्याला जेवूखाऊ घालावं लागतं. रोज तोच आकडा लिहिला तर संशय येईल, हे काटेसाहेबांपेक्षा चांगलं कुणाला ठाऊक असणार? म्हणून ते शंभर ग्रॅम कमी करत, एखाद्या दिवशी पन्नास वाढवत. इतकं बेमालूम काम त्यांनी पकडलेल्या एकाही दुकानदारानं केलं नसेल. पण वजन हळूहळू उतरतंय असं बघून मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना वाटलं, की अंग कोरडं पडतंय. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं आणि दोघांनी एकमतानं लघवीची गोळी अर्धी केली. साहेबांनी ॲपवर ते वाचलं. पायाचे घोटे तेव्हा मोज्यातून बाहेर आले होते, जिन्याच्या चौथ्या पायरीवर धाप लागत होती. तरी त्यांनी गोळीचे दोन तुकडे केले आणि एक गिळला.

असं रोजचं खोटं सुरू झाल्याच्या एकोणिसाव्या दिवशी महिन्याची तपासणी होती. दवाखान्याच्या काट्यावर पंच्याहत्तर पूर्णांक सहा आले. सिस्टरनं पडद्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, साहेबांना खाली उतरवून परत चढवलं. मग तिनं त्यांचे घोटे दाबून पाहिले, तर बोटाचे खड्डे तसेच राहिले. आता विचारणार, असं काटेसाहेबांना वाटलं.

तिनं विचारलंच नाही. तिच्या डोक्यात ती शंकाच आली नाही. "काका, घरचा काटा बिघडलाय वाटतं," ती म्हणाली. "तुम्हाला तर यातलं सगळं कळतं. असं होतं का हो?"

साहेबांनी "असेल" एवढंच म्हटलं असतं, तरी ही गोष्ट तिथंच संपली असती. पण सुटका झाल्याच्या आनंदात माणूस जास्त बोलतो. होतं तर, ते म्हणाले. या स्वस्त काट्यांच्या आत वजन ओळखणारी पट्टी असते, दमट हवेत ती सैल पडते. मग काटा कधी बरोबर दाखवतो, कधी कमी, वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. एकाच खेपेतला माल असेल तर सगळेच तसे निघू शकतात. बत्तीस वर्षांचा अनुभव आवाजात उतरला होता. सिस्टर ऐकता ऐकता लिहून घेत होती, आणि ते बघूनही साहेब थांबले नाहीत.

त्या संध्याकाळी बासष्ट घरांना निरोप गेला. काटे सदोष असण्याची शक्यता आहे, नवे येईपर्यंत घरचं वजन धरू नये, जमेल तसं दवाखान्यात येऊन वजन करावं. शिवाय ॲपमध्ये बासष्ट जणांच्या मागच्या तीन महिन्यांच्या वजनांवर करडी रेघ आली, म्हणजे ते आकडे आता कुणी धरायचे नाहीत. साहेबांच्या फोनवरही तो निरोप आला. त्यांनी तो तीनदा वाचला आणि फोन उशीखाली ठेवला, जणू तिथं तो कमी खरा असणार होता.

साहेबांची गोळी परत पूर्ण झाली, चार दिवसांत पाणी उतरलं, धाप गेली. अंग हलकं झालं आणि मन दगडासारखं. वजन करायला ते एक दिवसाआड दवाखान्यात जात आणि तिथल्या लांब बाकावर रांगेत बसत. कुणी काठी टेकत आलेलं, कुणी दोन बस बदलून, एका म्हाताऱ्याच्या नाकात प्राणवायूची नळी. एवढी यातायात एका आकड्यासाठी, जो त्यांना घरच्या घरी बरोबर मिळत होता. दोघांनी आपले काटे पिशवीत घालून आणले. ते बरोबर निघाले, तर सिस्टर म्हणाली की हे कधी बरोबर दाखवतात, कधी कमी, असं जाणकारांनीच सांगितलंय. आणि तिनं कौतुकानं साहेबांकडे बघितलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचा स्वतःचा काटा तिनं तपासणीला पाठवायला मागितला होता. तो आणायला ते दर वेळी विसरत, आणि काटा कपाटात पितळी वजनांशेजारी उभा होता.

नवव्या दिवशी बाकावर त्यांच्या शेजारी चाळिशीची एक बाई येऊन बसली. ती वजन करायला आली नव्हती. तिची सासू वरच्या मजल्यावर भरती होती आणि ही रक्ताच्या तपासणीचा कागद न्यायला खाली आली होती. काही माणसांना ओळखपाळख लागत नाही, शेजारी माणूस असला की पुरे, आणि ही तर तीन दिवस कुणाशी बोललीच नव्हती. सासूबाईंचं वजन सत्तावन्नवरून साठावर गेलं ते तिनं रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. पण निरोप आला होता ना, काटे बिघडलेत म्हणून. तिनं म्हटलं, काटाच चढवून दाखवतोय. चौथ्या दिवशी सासूबाईंना आडवं होता येईना, श्वास पुरेना, तेव्हा उचलून आणलं.

"आता कशा आहेत?" साहेबांनी विचारलं.

"वाचल्या. पण घरातलं कुणी माझ्याशी बोलत नाही. हे म्हणतात, आकडा समोर दिसत होता, तू आंधळी होतीस का? निरोपाचं सांगितलं तर म्हणतात, कारणं सांगू नकोस." तिनं पदराच्या टोकानं कागदाची घडी पुसली, जणू कागदच ओला झाला होता. "खरंच आहे. मलाच मेलीला कळायला हवं होतं."

त्या क्षणी साहेबांनी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. होतील बऱ्या, असं काहीतरी पुटपुटून ते उठले आणि वजन न करताच घरी आले. वाटेत आपण किती हलकट आहोत याचा त्यांना इतका स्वच्छ उमज पडला, की ओळखीच्या माणसानं केलेला नमस्कार घ्यायचीही त्यांना लाज वाटली. आपली चूक कुणी पकडली नाही इथवर ठीक, निदान ती आपल्यापाशी होती. आता ती दुसऱ्याच बाईच्या डोक्यावर जाऊन बसली होती आणि ती बिचारी मुकाट्यानं वागवत होती.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा साहेबांनी तिला उद्या अर्धा दिवस सुट्टी घेता येईल का विचारलं. दवाखान्यात काटा आणि वजनं न्यायची होती आणि दहा किलो उचलायची त्यांना मनाई होती. कशाला, तिनं विचारलं. दाखवायचंय, ते म्हणाले. तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढं विचारलं नाही. आगारात फोन करून तिनं दोनदा 'सॉरी सर' म्हटलं. ज्या दोन शब्दांसाठी एवढं सगळं केलं म्हणायचं, ते शब्द शेवटी साहेबांनीच तिच्याकडून म्हणवून घेतले.

दुसऱ्या दिवशी सिस्टरच्या खोलीत साहेबांनी काटा सपाट फरशीवर ठेवला. मुलीनं पिशवीतून वजनं काढून दिली. साहेब गुडघ्यावर बसले, जसे ते बत्तीस वर्षं बाजारात बसत आले होते. एक वजन मध्यभागी, पाच. दुसरं त्याच्या शेजारी, दहा. मग दोन्ही पुढच्या कोपऱ्यात, मागच्या कोपऱ्यात, डावीकडे, उजवीकडे. दहा, दहा, दहा, दहा. काटा एखाद्या इमानी साक्षीदारासारखा एकच उत्तर देत होता.

"म्हणजे आता आपोआप नीट झाला?" सिस्टरनं विचारलं.

"कधी बिघडलाच नव्हता," साहेब म्हणाले. ते अजून गुडघ्यावरच होते. "काटा खरा आहे. आकडे मी खोटे लिहीत होतो. पट्टी सैल पडते वगैरे जे सांगितलं, तेही खोटं."

मुलीचा हात पिशवीच्या बंदावर तसाच राहिला. सिस्टर खुर्चीत बसली आणि म्हणाली, "काका, तुमच्या शब्दावर मी बासष्ट घरांना निरोप पाठवला. तुम्हाला कळतं म्हणून तुम्हाला विचारलं होतं." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिनं कळफलक पुढं ओढला. सगळ्यांच्या वजनांवरची रेघ काढायची होती, फक्त यांचे खोटे आकडे तेवढे खोडायचे होते. तिनं मान वर न करता कामाचा म्हणून प्रश्न विचारला.

"किती दिवस?"

मुलीनं चटकन वर बघितलं. साहेबांच्या जिभेवर उत्तर तयार होतं, ते त्यांनी शोधलंही नव्हतं. दोन-तीनच दिवस. 'आजच'च्याच जातीचं, शपथेसकट, शेकडो दुकानदारांचं उत्तर त्यांच्या तोंडात येऊन उभं राहिलं होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं, की ती माणसं उत्तर रचून सांगत नव्हती, ते आपोआप येतं.

"एकोणीस," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "एकोणीस दिवस रोज. त्याच्याही आधी दोनदा. तारखा सांगतो."

त्यांनी तारखा सांगितल्या. का केलंत, असं सिस्टरनं विचारलं तेव्हा साहेबांनी मुलीकडे बघितलं. सबब तिथंच उभी होती, हाताला रग लागलेली, अर्ध्या दिवसाच्या सुट्टीवर. ते म्हणाले, "लाल खूण आली की मला अपमान वाटायचा. बाकी काही नाही." सिस्टरनं ते लिहिलं नाही. बासष्ट घरांना जाणाऱ्या नव्या निरोपात तिनं 'तांत्रिक चुकीमुळे' असे शब्द घातले होते. ते वाचून साहेबांनी ते काढायला सांगितले. काट्याची काही चूक नव्हती, एका रुग्णानं खोटी माहिती दिली असं लिहा, ते म्हणाले. तिनं तसं लिहिलं.

बाहेर येताना मुलगी पिशवी घेऊन पुढं चालत होती. दाराशी ती थांबली. "'सॉरी सर' तुम्ही ऐकलं होतं ना?" तिनं विचारलं. साहेबांनी मान हलवली. "मग आता माझं नाव पुढं केलं नाहीत ते बरं केलंत, बाबा. नाहीतर मी परत कधी तुमच्याशी बोलले नसते." एवढं बोलून ती चालू लागली, आणि ती रागावलेली आहे हे तिच्या पाठीवरूनही दिसत होतं.

बाकावर ती कालची बाई बसली होती. साहेब तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. बसावं, असं त्यांना वाटलं नाही. काल तुम्ही जे सांगितलंत, ते म्हणाले, त्या निरोपाला कारण मी आहे. मी खोटं बोललो. तुमचा काटा खरं दाखवत होता आणि तुम्ही निरोपाप्रमाणे वागलात, तुमची काही चूक नाही. एवढं बोलायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला, आणि तो हृदयामुळे नव्हता.

बाईनं त्यांच्याकडे बघितलं. ती रडेल, नाहीतर चारचौघांत तोंडाला येईल ते बोलेल, या दोन्हींची साहेबांनी तयारी केली होती. तिनं दोन्ही केलं नाही. ती बराच वेळ त्यांच्या बुटांकडे बघत राहिली.

"हे आमच्या घरी येऊन सांगाल?" तिनं विचारलं. "मी सांगितलं तर कुणी ऐकणार नाही."

"येतो."

"तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही."

"थांबत थांबत चढेन."

तिला विश्वास बसला की नाही, कळलं नाही. माफ केलं असंही ती म्हणाली नाही, आणि साहेबांनी मागितलंही नाही. मुलीनं पर्समधून आगाराची डायरी काढली आणि पत्ता विचारून लिहून घेतला, शेजारी वार आणि वेळ लिहिली, गाड्यांची लिहायची तशी. मग पिशवीचा बंद एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत तिनं वडिलांना विचारलं, "वजनंही न्यायची ना?"

"हो," काटेसाहेब म्हणाले. "माझ्या शब्दावर कुणी कशाला विश्वास ठेवेल?"